कोथिंबिरीचा वेढा

आमच्या कॉलनीत मिळत नाही असं काही नाही. केक मिळतो, रात्री अकरा वाजता, बिनअंड्याचा, वर नाव घालून मिळतो. मोबाइलच्या काचेवर दुसरी काच बसवून मिळते. कुत्र्याचे केस कापून मिळतात. दातांचे दवाखाने इतके आहेत, की प्रत्येक दाढेला स्वतंत्र डॉक्टर धरता येईल. प्लॉट, फ्लॅट आणि रो-हाऊस दाखवणारे तर सकाळी फिरायला निघालेल्यालाही सोडत नाहीत. अंगावर घरचा लेंगा दिसत असला तरी विचारतात, "साहेब, घर बघताय का?" फक्त तूरडाळ मिळत नाही. आलं, कोथिंबीर, हिरवी मिरची, गूळ, रवा, यातलं काहीही मिळत नाही. माणसानं दात बसवून घ्यावेत, चावायचं काय ते विचारू नये.

सातारा महामार्गाच्या अलीकडं आहे आणि आम्ही पलीकडं. मधला रस्ता पूर्वी ४ नंबरचा होता, आता ४८ नंबरचा झाला. नंबर वाढला तशी तो ओलांडायची आमची हिंमत कमी झाली. २०२० साली शहराची हद्दवाढ झाली. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर हे भाग नगरपालिकेत गेले. हद्द वाढली, मंडई मात्र राजवाड्यापाशी होती तिथंच राहिली. आणि आम्ही तर त्या हद्दीच्याही जरा पुढचे. त्यामुळं आमच्याकडं अजून 'गावात जाणं' असतं. कपडे बदलून, पाण्याची बाटली घेऊन, घरातल्यांना सांगून.

रोज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर एक प्रश्न येतो : "कुणी गावात जातंय का?" त्यावर कुणीही उत्तर देत नाही. जाणारे बरेच असतात, पण जो "हो" म्हणतो तो त्या दिवसापुरता कॉलनीचा टेम्पो होतो. म्हणून लोक गाडी न वाजवता, उताराचा फायदा घेऊन, इंजिन बंद ठेवून गेटबाहेर पडतात. पुढं मोती चौकात एकमेकांना भेटले की दोघंही दचकतात. "तुम्ही इकडं कसे?" "सहज. तुम्ही?" "मीही सहज." दोघांच्या पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर आलेला असतो.

आमच्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक मात्र ग्रुपवर विसंबत नाहीत. ते गेटवर उभे राहून पकडतात. "चाललात? बरं झालं. कोथिंबिरीची एक जुडी. देठ कोवळे बघा. फुलावर आलेली नको. दहाला एक म्हणाला तर पंधराला दोन मागा." मी आणलेली जुडी त्यांनी ओसरीवर उलगडली, दोन काड्या बाजूला काढल्या, एक पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाले, "बरी आहे." खाली सही करायचीच तेवढी राहिली होती.

या जुडीचा खरा खर्च कुणी काढत नाही. गाडी सर्व्हिस रोडनं न्यायची, बोगद्यात पाणी साठलं असेल तर लांबनं वळसा घ्यायचा, पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये शिरायचं आणि वर येताना आपण मनात धरलेल्या रस्त्यालाच निघतो का ते बघायचं. मग राजपथावर गाडी लावायला जागा शोधायची. जागा मिळते ती मिठाईच्या दुकानासमोरच. आणि समोर कंदी पेढा दिसत असताना नुसती कोथिंबीर घेऊन परत फिरणं सातारकराच्या रक्तात नाही.

"कोथिंबीर आणली?"

"आणली. दहा रुपयांना."

"आणि या पिशवीत?"

"पेढे."

"चटणी कशाची करू?"

या शहरानं दाण्यापाण्याची टंचाई काही पहिल्यांदा पाहिलेली नाही. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबानं अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. खुद्द बादशहाची छावणी करंज्याला होती, जिथं आज कोथिंबीर सहज मिळते. किल्ल्यावर प्रयागजी प्रभू होते. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो, की परशुराम त्रिंबकांनी परळीच्या किल्ल्यावरून सूत्रं हलवली, पश्चिमेला तळ देऊन बसलेल्या शहजादा आझमला पैसे चारले आणि त्याच्या डोळ्यांदेखत वर धान्य पोचवलं. घरपोच सेवेचं साताऱ्यातलं हे पहिलं उदाहरण असावं. पोचवणावळ किती बसली ते डफनं दिलेलं नाही. वेढा साडेचार महिने चालला आणि एप्रिल १७०० मध्ये किल्ला गेला. मला त्या किल्लेदाराबद्दल अपार आदर वाटतो. बादशहाच्या तोफखान्यासमोर माणूस उभा राहू शकतो. पण घरात पाहुणे बसलेत, पोहे परतून झालेत आणि आतून "कोथिंबीर नाही" अशी हाक येते, तेव्हा पाच मिनिटं उभं राहून दाखवावं.

आमच्या चेअरमनना कुठूनतरी कळलं, की अमेरिकेच्या शेती खात्यानं अशा टंचाईसाठीही मोजमाप ठरवलं आहे. शहरात एक मैलाच्या आत आणि खेड्यात दहा मैलांच्या आत किराणा मालाचं मोठं दुकान नसेल, तर त्या वस्तीला अन्नाचं वाळवंट म्हणायचं. चेअरमन खूश झाले. आपण वाळवंटात राहतो हे अमेरिकेनं मान्य केल्यावर सरकारला ऐकावंच लागेल, म्हणून अर्जाचा मसुदाही तयार झाला. मग कुणीतरी सांगितलं, की नुसतं अंतर पुरत नाही, वस्ती गरीबही असावी लागते. चेअरमननी कागदाची चौपदरी घडी घातली. वाळवंट चाललं असतं, पण गरिबीनं प्लॉटचे भाव पडतात.

मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या माण तालुक्यातल्या. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर, हे ऐकून त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "अमेरिकेत येवढं जवळ असतंय व्हय?" त्यांच्या गावाला बाजार आठवड्यातनं एकदा, तोही शेजारच्या गावात.

"मग मधीच पाहुणे आले तर?"

"आलं तर आलं. पिठलं करायचं."

"आणि कोथिंबीर?"

"पिठल्याला कोथिंबीर कशाला लागती, जावईबापू?"

त्या आमच्याकडं राहायला आल्या तेव्हा मंडईला कुणी पंधरा दिवस गेलं नव्हतं आणि फ्रिजमध्ये अर्धं लिंबू आणि मुलांचं सॉस होतं. त्यांनी आपल्या पिशवीतनं डबे काढले. सांडगे, वाळवलेली गवार, शेंगदाण्याची चटणी, लसणाची माळ. दुष्काळी तालुक्यातली बाई बागायती शहरात येऊन आठवडाभर आम्हाला जेवू घालत होती, आणि आम्ही दर जेवणाला "भाजी मिळत नाही हो इथं" म्हणून भाकरी वाढून घेत होतो. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "घरात यादी कोण करतंय?" मी बायकोकडं बघितलं. बायको माझ्याकडं बघत होती.

आणि ही टंचाई कुठं, तर सातारा जिल्ह्यात! कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला मानांकन. शेजारी सांगलीची हळद आणि बेदाणा दोघेही मानांकित. आल्याचं तर विचारू नका. आमच्या गच्चीवरून आल्याचे वाफे दिसतात. चहात घालायला आलं नसतं तेव्हा मी त्या वाफ्यांकडं बघत चहा पितो. ते आलं रात्री ट्रकमध्ये बसून पुण्या-मुंबईला जातं. आमचा मुलगा पुण्यात असतो. तो फोनवर सांगतो, "बाबा, इथं दहा मिनिटांत येतं. सातारी आलं, एकदम ताजं."

दहा मिनिटांचं ते अॅप त्यानं माझ्याही फोनवर घालून दिलं. त्यात मी पत्ता भरला. "आम्ही लवकरच तुमच्या भागात येत आहोत" असं आलं. दिवाळीलाही तेच आलं, होळीलाही तेच. दुसरं एक अॅप होतं, ते येतो म्हणालं. त्याच्या मुलाचा दोन तासांनी फोन आला. "सर, लोकेशन शेतात दाखवतंय."

"शेतातच आहे. पुढं या."

"पुढं विहीर आहे, सर."

"विहिरीला उजवी घाला."

"सर, कुत्री आहेत."

आम्ही दोघं सर्व्हिस रोडवर, मधे खांब धरून, भेटलो. आलं नव्हतं म्हणून त्याच्या मालकानं आलं-लसणाची पेस्ट दिली होती. त्या पेस्टचा चहा आम्ही करून बघितला नाही, हा आमचा संयम.

रेशनचं दुकान म्हणाल तर आहे, पण माझं कार्ड पांढरं. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, फक्त पत्ता मिळतो. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं 'आनंदाचा शिधा' काढला : शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. तो आमच्या कामाच्या मावशींना मिळाला. लाडू करायच्या दिवशी कॉलनीतले दोन बंगले त्यांच्याकडून रवा उसना घेऊन गेले. त्यातल्या एकाचा रवा परत गेला की नाही, याचा उल्लेख मावशी अजून भांडी घासताना करतात. मोठ्यानं.

आता कुणी विचारील, की एवढी माणसं, एवढी गरज, मग कुणी दुकान का काढत नाही? काढलं होतं. पुन्हा पुन्हा काढलं होतं.

पहिला दुकानदार जावळी तालुक्यातला होता. पूजा घातली, सगळ्या कॉलनीला प्रसाद दिला. शिरा उत्तम होता. "आता सुटलो बुवा," असं आम्ही सगळे म्हणालो. आणि खरंच सुटलो. दुकान उघडल्यापासून पाचशेच्या नोटेचे सुट्टे कॉलनीतच मिळू लागले. कुरिअरची पार्सलं त्याच्याकडं ठेवता येऊ लागली. किल्ली त्याच्याकडं, गॅसवाल्याचे पैसे त्याच्याकडं, "मुलगा क्लासवरनं आला की त्याला सांगा आम्ही सात वाजता येतो" हा निरोपही त्याच्याकडं. रविवारी सकाळी त्याच्या बाकड्यावर बसून, त्याचाच पेपर वाचत, देशाची अर्थव्यवस्था कुठं चुकते यावर चर्चा व्हायची. खरेदी तेवढी होत नसे. म्हणजे अगदीच होत नसे असं नाही. काडेपेटी, खायचा सोडा, एक रुपयाचं शाम्पूचं पाऊच, आणि पाहुणे आले की कोथिंबीर.

महिन्याचा किराणा त्याच्याकडून कुणी भरला नाही. कारण तेल त्याच्याकडं आठ रुपयांनी महाग होतं. ही गोष्ट आम्ही त्याच्यापासून लपवलीही नाही. त्याच्याच काउंटरवर कोपर टेकून बँकवाले साहेब त्याला समजावून सांगायचे, "मार्टात बघा, डबा घेतला तर केवढा फरक पडतो. तुम्हीही तिकडनंच आणत जा." तो हसून त्यांना सुट्टे द्यायचा.

मार्ट आमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे आमची जत्रा. नवरा ढकलगाडी ढकलणार, बायको पुढं, मुलं गाडीत बसणार, आणि दर दहा पावलांनी "हे घरात आहे की" असा एक आवाज येणार. तेलावर आठ रुपये वाचवायला गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्याकडं झाकणासह बादली, पायपुसण्यांचा सेट, एकावर एक मिळालेले दोन चहाचे थर्मास आणि मागच्या वर्षीच्या रंगाचा चादरीचा जोड असतो. तेलही असतं. तूरडाळ विसरलेली असते. ती संध्याकाळी जावळीवाल्याकडून, पाव किलो, वहीत लिहून.

ती वही मी एकदा पाहिली. वहीत सगळी कॉलनी होती, गल्ल्यात कुणीच नव्हतं.

एक दिवस शटर उघडलं नाही. आम्हाला फार वाईट वाटलं. बँकवाले साहेब रिक्षातनं मार्टाच्या दोन पिशव्या उतरवत म्हणाले, "आपल्या माणसात धंदा करायची चिकाटीच नाही हो." दुसरा आला तो राजस्थानचा. त्याची चिकाटी आम्ही चौदा महिन्यांत संपवली. तिसरं दुकान एका बचत गटाच्या बायकांनी काढलं. त्यांनी पहिल्याच दिवशी "उधार बंद" अशी पाटी लावली, त्यामुळं ते लौकर आटपलं. आता त्या गाळ्यात दातांचा दवाखाना आहे.

भाजीचा टेम्पो येतो अधूनमधून. त्याची वेळ सकाळी साडेअकरा, म्हणजे ऑफिसवाले गेल्यावर आणि निवृत्त लोक झोपायच्या आत. कर्ण्यावर टेप लावलेली असते आणि तिच्यात सगळ्या भाज्यांची नावं असतात. टेम्पोत दुधी असतो. दुधी आणि वांगी. "मेथी आहे का?" "संपली, ताई." कधी आली होती ते कुणी पाहिलेलं नाही. तरी त्याच्याभोवती गर्दी होते, कारण तो कढीपत्ता फुकट देतो. काही घरांत फक्त कढीपत्ताच जातो.

पुढं वार्षिक सभेत ठराव आला, की कॉलनीनं स्वतः गाळा देऊन दुकानदार आणावा. एकमतानं मंजूर. मग जागेचा विषय निघाला. 'ए' बिल्डिंगखाली नको, उंदीर होतात. 'बी'खाली नको, दुधाच्या गाड्या पहाटे खडखड करतात. कोपऱ्यावर नको, पोरं जमतात. सगळ्यांना जवळ पडेल आणि कुणाच्याही दारासमोर येणार नाही, अशी एकच जागा निघाली. ती म्हणजे पाण्याची टाकी.

सांगलीचा मेव्हणा हे ऐकून खो-खो हसला. सांगलीकर साताऱ्यावर हसायची संधी सोडत नाहीत. "दाजी, किराणा बघायचा तर आमच्या गणपती पेठेत या. पोती बघूनच पोट भरतंय." खरं आहे. पूर्वी तो गावभागात राहायचा. खाली उतरलं की पेठ. हळद, गूळ, मिरची, शेंगदाणा, सगळं चालत. अडचण एकच होती. कृष्णाबाईही चालतच यायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. पेठेतली पोती पाण्यात आणि मेव्हण्याचं कुटुंब शाळेत. तेव्हापासून त्यानं विश्रामबागेच्याही पलीकडं, उंचावरच्या नव्या वस्तीत घर घेतलं. आता पाणी येत नाही. दुसरंही काही येत नाही.

पुराचा धसका मात्र उंचावर राहूनही गेलेला नाही. जुलै लागला की सांगलीतली माणसं क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं "कोयनेतनं किती क्युसेक?" विचारतात. कोयना आमच्या जिल्ह्यात, म्हणून तो मला थेट फोन करतो.

"दाजी, दरवाजे किती फुटांवर उचलले?"

"मला काय माहीत?"

"तुमच्याकडचं धरण ना? सांगा की त्यांना जरा दमानं."

पलीकडं अलमट्टीवाल्यांशी त्याची ओळख नाही, म्हणून अलमट्टीचंही मलाच ऐकावं लागतं. मग तो पुराचा भरणा करतो. तांदूळ, रवा, साखर, कांद्याचं पोतं, मेणबत्त्या. माळा वाकतो. पूर आला नाही की सगळी सांगली देवाला नारळ फोडते. मेव्हण्याच्या घरी उपमा सुरू होतो. रव्यात किडे व्हायच्या आत तो संपवायचा असतो. दसऱ्यापर्यंत त्या घरी गेलेल्या पाहुण्याला दुसरं काही मिळत नाही. वर कोथिंबीर नसते. मी विचारलं तर म्हणाला, "ती इथं कुठली, दाजी? पेठेत जावं लागतंय." आणि भडंगाचा मोठा पुडा पुढं सरकवला. आमचे पेढे तसे त्यांचे भडंग. तोही कोथिंबिरीलाच गेला होता.

परवा आमच्याकडं एक तरुण मुलगा गाळा बघायला आला. किराणा दुकान काढायचं म्हणत होता. बातमी अशी पसरली, की पाच मिनिटांत निम्मी कॉलनी खाली उतरली. मुख्याध्यापकांनी त्याला बसायला खुर्ची दिली.

"गिऱ्हाईक आहे का काका इथं?" त्यानं विचारलं.

"भरपूर!" आम्ही एकदम म्हणालो.

"महिन्याचा किराणा कुठनं भरता सगळे?"

चेअरमन टाकीकडं बघू लागले. बँकवाले साहेबांना फोन आला, जो वाजला नव्हता. शेवटी मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. "ते सोडा. सुट्टे ठेवाल ना?"

विचार करून कळवतो म्हणून तो गेला. रात्री ग्रुपवर बँकवाले साहेबांचा निरोप आला : "रविवारी मार्टात तेलावर मोठी सूट. माझ्या गाडीत तिघांची जागा आहे." मी चष्मा शोधून वाचेपर्यंत तिन्ही जागा गेल्या होत्या. एक मुख्याध्यापकांनी घेतली होती.

मी लिहिलं, "डिकीत बसलो तर चालेल का?"